विश्लेषण : ऊसतोडीला निघालेल्या बीडच्या मुलांबरोबर पुस्तके का जात नाहीत?

माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, हा दिवस राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. शाळांमध्ये कपाटातील पुस्तके बाहेर काढली जातात, प्रदर्शन भरते, एकत्र वाचन होते. बीड जिल्ह्यात याच सुमारास दुसरीही तयारी सुरू असते. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे धान्य, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण बांधू लागतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी कारखान्यांकडे निघतात. अनेक मुलेही आई-वडिलांबरोबर जातात. शाळेतील गोष्टीची पुस्तके मात्र कपाटातच राहतात. पुस्तकांसाठी निधी आहे, कायदा आहे, मोफत वाचनसाहित्यही आहे. मग पुस्तक मुलापर्यंत पोहोचण्यात अडते कुठे?

दोन वेळापत्रके कशी आडवी येतात?

राज्यातील बहुतांश भागात शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात आणि एप्रिल-मेमध्ये वर्ष संपते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला गावच्या शाळेत सलग मिळतात ते सुरुवातीचे जेमतेम चार-साडेचार महिने. त्यातला पहिला महिना मागच्या वर्षीचे विसरलेले पुन्हा गिरवण्यात जातो. अक्षरे जुळवून वाचणे संपून गोष्टीसाठी वाचणे सुरू होण्याच्या बेतात असतानाच टोळी निघते.

बीडमधील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतून मजूर पश्चिम महाराष्ट्रातील जिल्ह्यांत, अहिल्यानगर आणि सोलापूरकडे, तसेच सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. त्यामुळे आई घरी थांबणे शक्य नसते. घरात सांभाळायला आजी-आजोबा असतील तर मूल मागे राहते, नसतील तर कोपीवर जाते.

येथे मुलांचे दोन गट पडतात आणि पुस्तकांचा प्रश्न दोघांसाठी वेगळा आहे. पहिला गट गावात मागे राहणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी हंगामाच्या काळात गावातच जेवणाची व मुक्कामाची सोय करणारी ‘हंगामी वसतिगृहे’ चालवली जातात. शिवाय राज्य सरकारने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ‘संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना’ जाहीर केली. त्यात ४१ तालुक्यांमध्ये मुलांचे एक आणि मुलींचे एक याप्रमाणे ८२ वसतिगृहांचे नियोजन आहे. दुसरा गट आई-वडिलांबरोबर जाणाऱ्यांचा. नव्वदच्या दशकात त्यांच्यासाठी कारखान्यांच्या परिसरात ‘साखरशाळा’ सुरू झाल्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर भर जवळच्या नियमित शाळेत दाखल करण्यावर आला. त्यासाठी मूळ शाळेने मुलाला ‘शिक्षण हमी पत्रक’ द्यायचे असते. या पत्रकामुळे मुलाची नोंद नव्या शाळेपर्यंत जाते. वाचत असलेले पुस्तक जात नाही.

शाळेत पुस्तके असणे बंधनकारक आहे का?

आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. त्यात वर्तमानपत्र, मासिके आणि सर्व विषयांवरील पुस्तके असावीत आणि गोष्टीची पुस्तकेही असावीत, असा वेगळा उल्लेख आहे. ‘समग्र शिक्षा’ योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेला पाच हजार रुपयांपर्यंत, तर पहिली ते आठवीच्या शाळेला १३ हजार रुपयांपर्यंत. मुलांच्या एका पातळ पुस्तकाची किंमत ५० ते १०० रुपये धरली, तर पाच हजारांत ५० ते १०० पुस्तके येतात. द्विशिक्षकी शाळेतील ३०-४० मुलांसाठी हा साठा वाईट नाही. दोन-तीन वर्षे सलग खरेदी झाली तर प्रत्येक मुलामागे पाच-सहा पुस्तके होतात.

म्हणजे छोट्या शाळांबाबत तरी पहिली अडचण पुस्तकांच्या संख्येची नाही. वर्षातले किती दिवस ही पुस्तके मुलांच्या हातात असतात, हा खरा प्रश्न आहे. खरेदी केलेले पुस्तक आधी नोंदवहीत चढते. मग शिक्का, क्रमांक आणि कपाट. मूल सहा महिने परजिल्ह्यात असेल तर त्याच्या नावावर पुस्तक देण्याचा विचारही सहसा होत नाही.

कपाट उघडायला भीती कसली?

हरवण्याची. पुस्तक शाळेच्या मालमत्तेत मोजले जाते आणि साठा तपासणीत कमी भरले तर उत्तर शिक्षकाला द्यावे लागते. एखाद्या मुलाने पुस्तक कोपीवर नेले, ते पावसात भिजले किंवा चुलीजवळ राहून गेले तर काय, ही धास्ती अगदीच निराधार नाही. कुलूप लावणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो.

पण पुस्तके वापरली की काही हरवणार, हे सरकारी हिशेबालाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या ‘सामान्य वित्तीय नियम, २०१७’ मधील ग्रंथालयांविषयीच्या नियमानुसार वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी मानता येते. ती अप्रामाणिकपणामुळे किंवा हलगर्जीपणामुळे झालेली नसावी, एवढी अट आहे. एक हजार रुपयांहून महाग आणि दुर्मीळ पुस्तकांची मात्र चौकशी करावीच लागते. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला तो थेट लागू होत नाही. तरीही त्यातले तत्त्व उपयोगी आहे. ७० रुपयांच्या पुस्तकासाठी शिक्षकाला जबाबदार धरायचे नाही, असे जिल्हा पातळीवर लेखी ठरले, तर कपाटाची किल्ली फिरू शकते. ऊसतोड पट्ट्यात पाच हे प्रमाण कमी पडेल. ते किती असावे, हे स्थानिक अनुभवावरून ठरवता येईल.

गावातील सार्वजनिक वाचनालयाचे काय?

निजामाच्या राजवटीतून मुक्त झाल्यानंतर बीड हैदराबाद राज्यात होते आणि त्या राज्याने १९५५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ संमत झाला. आज गावोगावी दिसणारी बहुतेक वाचनालये या कायद्याखाली मान्यता मिळालेली आहेत. ती सरकारी नसतात. संस्था चालवतात, सरकार अनुदान देते. पुस्तके, सभासद, कामाचे तास यांनुसार अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात.

सर्वांत लहान वर्ग ‘ड’. २०१२ च्या दरांनुसार त्याचे वार्षिक परिरक्षण अनुदान ३० हजार रुपये होते. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाल्यावर ते ४८ हजारांवर गेले. या रकमेचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. त्यातले निम्मे ग्रंथपालाच्या मानधनावर खर्च झाले, तर त्याच्या हाती महिन्याला दोन हजार रुपये पडतात. उरलेल्या २४ हजारांत वर्षभराची वर्तमानपत्रे, वीज, जागा, बांधणी आणि नवी पुस्तके बसवायची. साहजिकच कात्री पुस्तकांवर चालते आणि त्यातही बालवाङ्मयावर आधी, कारण वर्गणी देणारा सभासद मोठा असतो.

अशा वाचनालयांना पुस्तके मिळण्याचा आणखी एक मार्ग आहे. १९७२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेले ‘राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान’ राज्यांच्या सहभागाने सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके पुरवते. बाल विभागासाठीही साहाय्य देते. पण शाळेचे कपाट शिक्षण विभागाचे आणि वाचनालय ग्रंथालय संचालनालयाचे, अशा दोन वाटा आहेत. एकाच गावातील हे दोन साठे मुलासाठी एकत्र येण्याची रीत रुळलेली नाही.

बीडचे पुस्तकांशी नाते किती जुने?

ज्या जिल्ह्याची ओळख आज कोयत्याने होते, त्याचे ग्रंथांशी नाते आठशे वर्षांपेक्षा जुने आहे. अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधु’चा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानला जातो. त्यामुळे मराठीतील आद्य ग्रंथांत त्याचे नाव घेतले जाते, जरी या कालनिश्चितीवर अभ्यासकांत मतभेद आहेत. याच गावात सोळाव्या-सतराव्या शतकात दासोपंत होऊन गेले. त्यांची ‘पासोडी’ म्हणजे सुमारे ४० फूट लांब कापडावर ओव्या आणि आकृत्यांनी मांडलेला ग्रंथ आहे.

विज्ञानाच्या बाजूनेही बीडचे नाव येते. गणिती भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. आपले गाव ‘विज्जडवीड’ असल्याचे ते सांगतात. हे गाव म्हणजे बीड, असे काहींचे मत आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ मधील शिलालेखामुळे इतर अभ्यासक पाटणच्या बाजूने आहेत. वाद बाजूला ठेवला तरी त्यांच्या ‘लीलावती’ची रीत आजही लक्षात घेण्याजोगी आहे. भुंग्यांचा थवा, कमळ, मोर आणि साप अशा चित्रांतून तिच्यात गणिते घातलेली आहेत.

अलीकडच्या काळात, १९८३ मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईत भरले होते. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. म्हणजे जिल्ह्याला पुस्तकांचे वावडे नाही. अडचण वर्षातले सहा महिने पत्ता बदलणाऱ्या वाचकाची आहे.

वाचक फिरतो, तर पुस्तक फिरू शकते का?

शंभर वर्षांपूर्वी हे करून झाले आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावात जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्यात बोलावले. बडोदा संस्थानात मध्यवर्ती ग्रंथालय, स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळे विभाग, गावोगावी वाचनालये आणि त्यांच्या जोडीला ‘फिरती ग्रंथालये’ उभी राहिली. लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती गावाला पाठवायची, वाचून झाली की परत आणायची आणि दुसरी पाठवायची, अशी ही साधी व्यवस्था होती.

हीच कल्पना आजच्या महाराष्ट्रात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेतून राबवली. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी गटागटांत पेट्यांची अदलाबदल होते. ही योजना दुबईसह परदेशातील मराठी वाचकांपर्यंतही पोहोचली.

ऊसतोडीच्या टोळीला ही रचना सोयीची पडते. एका मुकादमाच्या टोळीतील कुटुंबे बहुतेकदा एकाच गावची किंवा शेजारच्या गावांची असतात. मुक्कामही एकाच तळावर असतो. म्हणजे वाचकांचा गट आधीच तयार आहे. २०-२५ पातळ पुस्तकांची पत्र्याची पेटी भांड्यांच्या पोत्याइतकीही जागा घेणार नाही. पेटी एका कुटुंबाकडे किंवा तळावरच्या थोरल्या मुलीकडे सोपवता येते. हंगामाच्या मध्यावर कारखाना परिसरातील शाळेत ती बदलून घेता येऊ शकते.

कथा, इतिहास, विज्ञान : पेटीत काय असावे?

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. अक्षर मोठे असावे, एक मजकूर एका बैठकीत संपावा आणि दिवसभर शाळेबाहेर असलेल्या मुलालाही तो एकट्याने वाचता यावा. ग्रंथालयांच्या ड्युई दशांश पद्धतीत विज्ञान ५००, साहित्य ८०० आणि इतिहास ९०० च्या मालिकेत येतो. पेटीत या तिन्हींचा वाटा ठेवता येतो. मात्र छापण्याचा खर्च आणि हक्क पाहिले, तर तिघांची स्थिती सारखी नाही.

भारतात लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेली ‘श्यामची आई’सारखी पुस्तके २०११ पासून कोणालाही छापता येतात. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे हरि नारायण आपटे (निधन १९१९) आणि नाथमाधव (निधन १९२८) यांचे लेखनही मुक्त आहे. म्हणजे कथा आणि इतिहासकथा यांचा मोठा साठा कोणालाही पैसे न देता वापरता येतो. भाषा जुनी असल्याने मुलांसाठी त्याचे संपादन मात्र करावे लागेल.

विज्ञानात तसे नाही. जुने विज्ञान कालबाह्य होते आणि नवे हक्काखाली असते. डॉ. जयंत नारळीकर यांनी मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी विज्ञानकथा लिहिल्या. त्यांचे निधन २० मे २०२५ रोजी झाले, म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २०८५ अखेरपर्यंत राहील. अशी पुस्तके विकतच घ्यावी लागतील. त्यामुळे निधी मर्यादित असेल तर तो आधी विज्ञानावर खर्च करावा आणि कथा-इतिहासासाठी मुक्त साहित्य वापरावे, असे गणित मांडता येते.

मुक्त साहित्याचा आणखी एक स्रोत म्हणजे ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेले ‘स्टोरीविव्हर’ हे संकेतस्थळ. त्यावर मराठीतील चित्रकथा वाचनाच्या चार पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत आणि त्यात विज्ञानावरच्याही आहेत. मूळ निर्मात्यांना श्रेय देऊन त्या छापण्याची आणि वाटण्याची परवानगी आहे. एखाद्या शाळेने अशा दहा कथांच्या झेरॉक्स काढून शिवल्या, तर कायद्याचा भंग होत नाही आणि हरवल्या तरी नोंदवही अडत नाही.

सगळे मोबाइलवर असताना छापील पुस्तक कशाला?

मोबाइलवर बरेच काही आहे, हे खरे. ‘बालभारती’च्या ‘किशोर’ मासिकाचे नोव्हेंबर १९७१ पासूनचे जुने अंक मोफत वाचता येतात. मराठी विश्वकोश आणि राज्य मराठी विकास संस्था, साहित्य आणि संस्कृती मंडळ यांची अनेक पुस्तकेही संकेतस्थळांवर आहेत. पण तळावर घरटी बहुतेक एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर फडात जातो. रात्री फोन परत येतो तेव्हा चार्जिंग हा प्रश्न असतो. डिजिटल साठ्याचा खरा उपयोग शिक्षकाला आहे. टोळी निघण्याआधी साहित्य उतरवून घेणे, छापणे आणि मुलाच्या पातळीनुसार निवडणे हे काम शाळेत होऊ शकते.

मोठ्यांसाठीही पुस्तके का हवीत?

पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्राचा ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर आहे. त्याची राज्यातील एक चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली, म्हणजे ऊसतोड हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात. नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या आईला जाड कादंबरी चालत नाही. तिलाही मोठ्या अक्षराचे, आठ-दहा पानांचे पुस्तक लागते. नॅशनल बुक ट्रस्ट नवसाक्षरांसाठी अशी पुस्तके काढत आली आहे. हिशेबाची वही, उचल आणि टनाचा दर समजण्यापुरते वाचन आले, तरी हंगामअखेर मुकादमाबरोबर होणारा हिशेब तिला स्वतः तपासता येतो. शिवाय पेटीत मोठ्यांसाठी चार पुस्तके असली तर पेटी सांभाळली जाण्याची शक्यता वाढते, कारण मग ती केवळ पोरांची राहत नाही.

पुढे काय करता येईल?

यासाठी नव्या कायद्याची गरज दिसत नाही. पहिली गोष्ट वेळेची. ग्रंथालय अनुदानातील खरेदी ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत पूर्ण व्हायला हवी. मार्चअखेर आलेली पुस्तके ऊसतोड पट्ट्यात मुले परतण्याआधी कपाटात जातात. दुसरी गोष्ट, जेथे हंगामी वसतिगृह आहे तेथे शाळेचे पुस्तकांचे कपाट संध्याकाळी उघडे ठेवणे. त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही. तिसरी, स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या शिक्षण हमी पत्रकाबरोबर दोन-तीन पुस्तके देणे आणि ती पत्रकावरच नोंदवणे. चौथी, हरवलेल्या पुस्तकांची मर्यादा जिल्हा परिषदेने लेखी ठरवून देणे.

एखाद्या तालुक्यातील मोजक्या शाळांत एक हंगाम असा प्रयोग केला, तर किती पेट्या गेल्या, किती पुस्तके परत आली आणि कोणती फाटेपर्यंत वाचली गेली, याची नोंद पट्टा पडल्यावर, एप्रिल-मेमध्ये, हाती येईल. पुढच्या वर्षीची खरेदी त्या नोंदीवरून ठरवता येईल.